आधी धातू, मग घासणी

खंडेनवमीच्या सकाळी नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या इमारतीखाली नळाजवळ रांग लागते. ज्यांच्या घरी शस्त्रे नाहीत आणि अवजारेही फारशी उरलेली नाहीत, त्यांच्यासाठी वाहन हेच पूजेचे हत्यार असते. त्यामुळे दसऱ्याला झेंडूची माळ पडण्यापूर्वी प्रत्येक गाडी बॉनेटपासून चाकांच्या वाट्यांपर्यंत धुऊन निघते. काही वर्षांपूर्वी मीही आमची जुनी डिझेल मोटार दोन तास खपून धुतली आणि कौतुकाच्या अपेक्षेने वडिलांना खाली बोलावले. अण्णा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ३१ वर्षे बफखात्यात होते. धातूला झिलई आणणे हाच त्यांचा पेशा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकले, सायलेन्सरच्या टोकात तर्जनी फिरवली आणि ते काळे बोट माझ्यासमोर धरले.

"आंघोळ झाली, पण पाय धुवायचे राहिले गं," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी या टोकाच्या मागे लागले आहे. दुकानदार त्याला एक्झॉस्ट टिप म्हणतात, गॅरेजवाले टेलपाइप म्हणतात, आणि आपण घरी सरसकट सायलेन्सर म्हणून मोकळे होतो. खरे पाहता सायलेन्सर हा आवाज मारणारा डबा आत खाली असतो आणि बाहेर दिसते ते केवळ त्याच्या नळीचे तोंड. हे वीतभर तोंड स्वच्छ करताना मी एक टोक कायमचे खराब केले आणि दुसरे जवळजवळ खराब केले. त्या दोन्ही चुका आणि त्यांतून बसलेली कामाची पद्धत येथे लिहीत आहे.

टोकावर जमते ती मुख्यतः काजळी. इंधन पूर्ण जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढेच उरावे. परंतु इंजिनात ज्वलनाला मिळणारा वेळ सेकंदाच्या अगदी लहान भागाएवढा असतो आणि इंधनाच्या प्रत्येक थेंबाला पुरेसा प्राणवायू मिळतोच असे नाही, म्हणून काही कार्बन न जळता बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. डिझेल इंजिनात हे अधिक होते, कारण तेथे इंधन आयत्या वेळी दाबाखालच्या तापलेल्या हवेत फवारले जाते आणि फवारा जितका बारीक, तितकी काजळी कमी. हा फवारा मारणारी नोझल आणि इंजेक्टर आपल्याच सातपूरला बनतात. त्या कंपनीचे नाव बॉश झाले असले तरी नाशिककर तिला अजून मायकोच म्हणतात, आणि मायको सर्कलचे नाव तर बदलण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसावा.

काजळीच्या जोडीला पाणी असते, आणि त्याचे प्रमाण ऐकून मी पहिल्यांदा विश्वास ठेवला नव्हता. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी तयार होते. गरम नळीतून ते वाफ होऊन निघून जाते, पण हिवाळ्यात, निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, गाडी सुरू केल्यावर टोकातून थेंब गळताना दिसतात आणि वाहनतळाच्या फरशीवर काळे ठिपके पडतात. हे पाणी शुद्ध नसते. धुरातल्या वायूंमुळे ते किंचित आम्लधर्मी असते. घरापासून भाजीबाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीची नळी पुरती तापतच नाही, त्यामुळे हे पाणी आतच साचून राहते आणि अशा गाडीचा सायलेन्सर रोज कसारा घाट चढणाऱ्या गाडीच्या आधी गंजतो. त्यात बाहेरून रस्त्याची धूळ येऊन बसते, आणि सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात जागोजागी खोदकाम निघाल्यापासून धुळीला तोटा नाही. काजळी, ओलावा, तेलकटपणा आणि धूळ यांचा उष्णतेने भाजून जो थर बनतो, तो साबणाच्या पाण्याने हलत नाही.

पुसण्यापूर्वी मात्र तो थर एकदा नीट पाहावा, कारण इंजिनाची प्रकृती सांगणारी गाडीबाहेरची ही सर्वांत सोपी खूण आहे. कोरडी, मऊ, बोटाला काजळासारखी लागणारी काळी भुकटी असेल तर इंधन हवेच्या मानाने जास्त जात आहे. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंधन आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाच्या, जुन्या दुचाकीवर ही तक्रार नेहमीची, आणि अनेकदा ती केवळ तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे असते. थर काळा पण ओलसर व चिकट असेल, आणि बोटे चोळल्यावर तेलासारखा घसरत असेल, तर इंजिन ऑइल जळत असण्याची शंका घ्यावी. इंजिन पुरते तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ज्वलनकक्षात उतरत असू शकतो. अशा वेळी पॉलिशचा डबा बाजूला ठेवून मेकॅनिकला फोन करावा. सासऱ्यांची १९८४ सालची बुलेट आमच्याकडे आहे. तिच्या टोकावर महिन्याभरात कोरडी काजळी साठत असे. दोन वर्षे मी ती मुकाट्याने पुसत राहिले. शेवटी गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडून जेट आणि एअर स्क्रू नीट केल्यावर तेवढीच काजळी साठायला चार महिने लागू लागले.

नव्या डिझेल गाड्यांबाबत या खुणेचे वाचन उलट्या दिशेने करावे लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर वाहनांच्या धुराची बीएस-सहा मानके लागू झाली, त्याबरोबर इंधनातल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली आणि डिझेल मोटारींमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला. या फिल्टरमध्ये साठलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकली जाते. त्यामुळे माझ्या भावाच्या नव्या डिझेल गाडीच्या टोकात पांढरा रुमाल फिरवला तरी तो जवळजवळ पांढराच राहतो. अशा गाडीचे टोक एकाएकी काळे पडू लागले, तर ते घासून स्वच्छ करणे म्हणजे तापाच्या रुग्णाला पावडर लावण्यासारखे आहे. फिल्टरला तडा गेला आहे का, हे आधी तपासून घ्यावे.

आता मूळ प्रश्न, म्हणजे घासायचे कशाने. माझी पहिली समजूत अशी होती की जे भांड्यांना चालते ते येथेही चालेल. नाशिकच्या भांडी बाजाराशेजारी वाढलेल्या माझ्या आईचे मत तर ठाम होते: चिंच लावून ठेव, अर्ध्या तासाने राखेने घास. तांब्यापितळेच्या भांड्यांचे माहेर असलेल्या गावात हा सल्ला स्वाभाविकच आहे आणि त्या धातूंपुरता तो अगदी बरोबरही आहे, कारण तांब्यावरचा काळपट थर हा ऑक्साइडचा असतो आणि चिंचेतले आम्ल त्याला विरघळवते. काजळी हा मात्र शुद्ध कार्बनच्या जवळ जाणारा पदार्थ आहे. तो चिंचेत विरघळत नाही, लिंबात नाही, आणि साबणातही नाही. काजळी विरघळवता येत नाही, ती सैल करावी लागते. कणांना धरून ठेवणारा तेलकट डिंकासारखा भाग मऊ केला की कण आपोआप सुटतात. हे माझ्या डोक्यात शिरले असते तर पुढचा प्रसंग टळला असता.

झाले असे, की चिंचेने काही होत नाही हे पाहून मी मोरीतली फरशी आणि संडास स्वच्छ करण्याचे आम्ल आणले. बाटलीवरचे "हट्टी डाग क्षणात नाहीसे" हे शब्द मला पुरेसे वाटले. डिझेल मोटारीच्या टोकावर ते ओतले, फसफसले, दहा मिनिटे ठेवले, धुतले. टोक त्या दिवशी पूर्वीपेक्षा उजळ दिसले आणि मी समाधानाने वर गेले. आठ दिवसांनी पाहते तो त्यावर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटलेले होते आणि पुढे प्रत्येक ठिपक्याखाली बारीक खळगा तयार झाला.

अण्णांनी ते पाहिले आणि विचारले, "धातू कोणता आहे ते बघितलं होतंस का?"

"स्टेनलेस स्टील आहे अण्णा, त्याला गंज लागत नाही ना?"

"लागत नाही, ते त्याच्या कातडीमुळे. तू कातडीच काढलीस."

ही कातडी म्हणजे क्रोमियम ऑक्साइडचा थर. पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असेल तर त्याच्या पृष्ठभागावर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारा, अतिशय पातळ पण घट्ट थर आपोआप बनतो, आणि ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो पुन्हा भरून येतो. हा थर क्लोराइडला मात्र फार घाबरतो. संडासच्या आम्लात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणजे आम्लही आणि क्लोराइडही. त्याने थर ठिकठिकाणी फाटतो आणि त्या छिद्रांतून गंज खाली उतरत जातो. वरून घासून हे खळगे जात नाहीत, कारण तेथला धातूच उणा झालेला असतो. आमच्या गाडीच्या टोकावर ते आजही आहेत आणि गाडी विकेपर्यंत राहतील.

म्हणून अण्णांच्या बफखात्यातला पहिला नियम मी आता पाळते: चाक फिरवण्यापूर्वी वस्तू हातात घेऊन तिचा धातू ओळखायचा. वाहनाच्या टोकांत बहुधा चार प्रकार भेटतात. पहिला, क्रोमचा मुलामा दिलेले साधे पोलाद. त्याची चमक आरशासारखी आणि किंचित निळसर असते, आणि नळीच्या आतल्या बाजूला मुलामा नीट पोचत नसल्यामुळे तेथे बहुधा गंज दिसतो. दुसरा, स्टेनलेस स्टील. त्याची चमक थोडी मंद, राखाडी असते, जवळून पाहिल्यास घासणीच्या समांतर रेषा दिसतात आणि आतल्या बाजूलाही तोच धातू असतो. लोहचुंबकाची परीक्षा अनेकजण सुचवतात, पण ती अर्धवट आहे. चुंबक चिकटले नाही तर स्वयंपाकाच्या चांगल्या भांड्यांच्या जातीचे स्टेनलेस आहे असे म्हणता येते. मात्र सायलेन्सरसाठी सर्रास वापरली जाणारी स्टेनलेसची स्वस्त जात चुंबकाला चिकटते, त्यामुळे चिकटले म्हणून ते साधे पोलाद ठरत नाही. काळ्या रंगाचे किंवा काळ्या सिरॅमिक लेपाचे टोक हा तिसरा प्रकार. त्याला पॉलिश हा शब्दच ऐकवू नये, ओले मऊ कापड आणि सौम्य साबण पुरे.

चौथा प्रकार मला हसवतो आणि थोडा चिडवतोही. अलीकडच्या अनेक गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना चमकदार चौकोनी तोंडे दिसतात, परंतु त्यांच्यामागे नळीच नसते. खरी नळी आत कुठेतरी जमिनीकडे तोंड करून लपलेली असते. ही तोंडे म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेले प्लास्टिक. आमच्या इमारतीतले एक काका दर रविवारी ती धातूच्या पॉलिशने मनापासून घासत असत, आणि "माझ्या गाडीला काजळी धरतच नाही" असे अभिमानाने सांगत. मी एकदा त्यांना खाली वाकून खरी नळी दाखवली. त्यानंतर सुमारे महिनाभर त्यांनी माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलणे काढले नाही. पण सांगणे भाग होते, कारण प्लास्टिकवरचा तो मुलामा फारच पातळ असतो आणि पॉलिशमधल्या कणांनी तो झिजून पिवळट डाग पडू लागले होते.

क्रोमच्या मुलाम्याची गोष्ट अधिक तपशिलाने सांगायला हवी, कारण माझी दुसरी चूक तेथे झाली. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो प्रत्यक्षात थरांचा ढीग असतो: खाली पोलाद, त्यावर निकेलचा दहा ते तीस मायक्रॉनच्या आसपासचा थर, आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर, जो शोभेच्या कामात बहुधा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला तर हा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. आरशासारखी चमक मुळात निकेलची असते. क्रोमियम तिला निळसर छटा आणि कठीण कवच देतो. क्रोमियम स्वतः अतिशय कठीण आहे, पण इतक्या पातळ थराला कठीणपणाचा फायदा मर्यादितच. त्यात त्याला सूक्ष्म भेगा असतात, त्यांतून पाणी खाली उतरते आणि कोठे निकेलही विरळ असेल तर पोलादापर्यंत पोचते. जुन्या बुलेटच्या सायलेन्सरवर जे गंजाचे ठिपके दिसतात ते वरून बसलेले नसून खालून उगवलेले असतात.

हे काहीच माहीत नसताना मी बुलेटच्या टोकावर भांडी घासण्याची हिरवी नायलॉनची घासणी चालवली. ती हाताला मऊ लागते, म्हणून निरुपद्रवी वाटते. तिच्या धाग्यांना मात्र कठीण अपघर्षक कण चिकटवलेले असतात, आणि त्यांनीच जळकी पातेली निघतात. काजळी भराभर निघाली, मी आणखी जोर लावला, आणि कपभर पाणी ओतून पाहिले तर खालच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत निळसर चमक जाऊन पिवळसर झाक आली होती. ते निकेल होते. अण्णा म्हणाले, "एवढ्यावर थांबलीस हे बरं केलंस, अजून पाच मिनिटांनी पोलाद दिसलं असतं."

क्रोमवरचे हलके गंजठिपके काढण्याची त्यांनी दाखवलेली युक्ती फार जुनी आहे: पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून पाण्यात बुडवावा आणि अजिबात जोर न लावता ठिपक्यावर फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ असल्यामुळे मुलाम्याला ओरखडा पडण्याची भीती कमी असते, ते गंजातला प्राणवायू ओढून घेते आणि घासताना तयार होणारी करडी पेस्ट बारीक पॉलिशसारखे काम करते. गंज गेला तरी खालचे छिद्र उरतेच; तेथे नंतर मेणाचा किंवा तेलाचा हात द्यावा लागतो, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात ठिपका त्याच जागी परत येतो.

आता मी पाळते ती पद्धत. इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, सावलीत काम करावे; गरम टोकावर पाणी किंवा पॉलिश पडले तर ते क्षणात वाळून डाग धरते, आणि हात भाजण्याची शक्यता वेगळीच. हातात रबरी मोजे घालावेत आणि कोरडी काजळी कधीही खरवडून उडवू नये. ही सावधगिरी उगाच नाही: लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या पुढील आयुष्यातल्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता, आणि २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून आधी सगळे ओले करायचे. गाडीचा शांपू किंवा भांड्यांचा द्रवसाबण घालून टोकाची बाहेरची धूळ धुवायची, कारण त्या धुळीतले वाळूचे कण पॉलिशच्या फडक्यात गेले की तेच घासणीचे काम करू लागतात. मग काजळी सैल करण्यासाठी डब्ल्यूडी-४० सारखा भेदक तेलाचा फवारा, किंवा तेलकटपणा काढणारा सौम्य क्लीनर मारून पाच ते दहा मिनिटे थांबायचे. आमच्या लहानपणी या कामाला रेशनचे रॉकेल असे; ते आता मिळत नाही आणि त्याच्या वासाची आठवण येत असली तरी त्याची उणीव भासत नाही.

थांबण्याची ही दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत आणि नेमकी तीच लोक गाळतात. त्यानंतर जुन्या सुती बनियनच्या फडक्याने पुसले की तीन चतुर्थांश काळेपणा न घासताच निघून येतो. आतल्या बाजूसाठी बाटली धुण्याचा जुना ब्रश चांगला. चार बोटे आत जाईल इतकेच स्वच्छ करावे, कारण त्यापुढे कोणी पाहत नाही आणि नळीत खोलवर पाणी ढकलण्यात काही शहाणपण नाही. उरलेल्या चिवट डागांसाठी स्टेनलेसवर अतिशय बारीक घासणी चालते, पण लोखंडी तारेचा काथ्या चालत नाही. त्याचे तुटलेले लोखंडी कण स्टेनलेसच्या अंगात रुततात, पुढच्या ओलाव्यात गंजतात आणि चांगल्या स्टेनलेसवर गंज आल्याचा आभास निर्माण करतात; काही काळाने तो आभास राहत नाही, खरेच खड्डे पडतात. अण्णांच्या खात्यात साध्या पोलादावर चाललेले बफचे चाक स्टेनलेसला लावणाऱ्याला मुकादम दिवसभर ऐकवत असे, ते याच कारणाने.

शेवटी ब्रासो किंवा ऑटोसोल यांसारखे धातूचे पॉलिश. ते वाटाण्याएवढेच घ्यावे, एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्यावी आणि स्टेनलेसवर रेषा असतील तर त्या रेषांच्याच दिशेने चोळावे. फडके काळे पडेल. तो मळ काही प्रमाणात काढलेल्या धातूचाच असतो, म्हणून फडके काळे होत आहे तोवर घासत राहणे हा नियम चुकीचा आहे. स्वच्छ फडक्याने पुसून पाहावे आणि चमक आली की थांबावे. धुण्यासाठी शक्य असल्यास बोअरवेलचे जड पाणी टाळावे. पालिकेचे, म्हणजे गंगापूर धरणाचे पाणी वाळताना इतके पांढरे डाग सोडत नाही.

एक सूचना स्वानुभवाची. नळीत साबणाचे पाणी जाऊ नये म्हणून मी आत एक जुना पंचा कोंबत असे. एका सोमवारी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी बॅटरीला दोष दिला, नंतर डिझेल पंपावरच्या भेसळीला दिला, रिक्षाने कामावर गेले, आणि दुपारी जेवताना घास हातात असताना पंचा आठवला. इंजिनाला आत श्वास घ्यायचा तर आधीचा बाहेर टाकता आला पाहिजे. तो मार्गच मी कापसाने बंद केला होता. आता मी कोंबलेल्या फडक्याला लाल नाडा बांधते आणि त्याचे दुसरे टोक चालकाच्या बाजूच्या दरवाजाच्या मुठीला अडकवते. शेजारच्या मुलांना ती गंमत वाटते.

यंत्राने बफ करावे का, असे मला दोघातिघांनी विचारले आहे. ड्रिलला लावायचे कापडी शंकू बाजारात मिळतात आणि त्यांनी काम झटकन होते. अण्णांचे म्हणणे असे, की क्रोमवर यंत्र लावूच नये. स्टेनलेसवर लावायचे तर आधी वॉटर पेपरने ८००, १२००, २००० असे चढत जावे, मग कापडी चाकाला लस्टरची, म्हणजे झिलईच्या मसाल्याची, वडी टेकवून झिलई काढावी, आणि चाक नेहमी कडेवरून बाहेर पडेल अशा दिशेने फिरवावे. नळीच्या कडेत चाक उलट्या दिशेने शिरले तर ते ड्रिलसह हाताला हिसका देते. ओढणी, पदर, सैल बाह्या यांचा प्रश्नच नाही. मी एकदाच करून पाहिले आणि टोक खरोखर आरशासारखे झाले, पण मूळची रेषांची पोत गेली, आणि त्या चमकेवर पावसाचा प्रत्येक थेंब दिसू लागला. मला मूळचेच अधिक आवडत होते.

उष्णतेने येणारे रंग हा वेगळा विषय आहे. बुलेटच्या बेंड पाइपवर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वळणावर, सोनेरी, जांभळट आणि मग निळा असे पट्टे येतात. तापमानाबरोबर ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि प्रकाशकिरणांच्या व्यतिकरणामुळे त्याचे रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच. स्टेनलेसवर साधारण ३०० अंशांच्या आसपास फिकट सोनेरी आणि ५५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निळा रंग येतो. पॉलिशने ते काढता येतात, परंतु पाइप पुन्हा तितकाच तापणार असेल तर पुन्हा येतात, आणि इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन फार कमी असेल किंवा ठिणगीची वेळ चुकलेली असेल तर लवकर येतात. सासरे हे रंग कधीच काढू देत नसत. गाडी खरोखर चालवली आहे याचे ते प्रमाणपत्र आहे, असे त्यांना वाटे.

झिलई टिकवण्यासाठी गाडीचे मेण लावण्याचा फारसा उपयोग होत नाही. कार्नोबा मेण ८५ अंशांच्या आसपास वितळते आणि घाटात एकदा चढून आले की टोकावर त्याचा मागमूस उरत नाही. उच्च तापमान सोसणारा सिरॅमिक लेप काही महिने तग धरतो. जास्त उभ्या राहणाऱ्या बुलेटला मात्र मी पावसाळ्यापूर्वी मेण लावते, कारण तेथे शत्रू उष्णता नसून ओलावा आहे.

बुलेटवरच्या त्या पिवळ्या डागासाठी मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे गेले होते. जुना मुलामा पूर्ण उतरवून, बफ करून, निकेल आणि क्रोम नव्याने चढवावे लागेल, केवळ तेवढ्या जागेला लावता येणार नाही, असे त्याने सांगितले, आणि सायलेन्सर हातात फिरवून पाहत विचारले, "ताई, मूळचा मुलामा इतका चांगला असताना उतरवायचा कशाला?" अण्णा सोबत होते. त्यांनी डाग असलेली बाजू अंगठ्याने चाचपली, सायलेन्सर पुन्हा गोणपाटात गुंडाळला आणि परत येताना रिक्षात तो मांडीवर धरून बसले. डाग खालच्या बाजूला आहे. पाहण्यासाठी गुडघ्यांवर हात टेकून वाकावे लागते, आणि तसे वाकणारा आमच्या घरात एकच माणूस आहे.